हरल्यानंतरची वीस मिनिटं

प्रश्न असा आला आहे: "सर, अंबाजोगाईत आमचा क्रिकेटप्रेमींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चारशेच्या वर मेंबर आहेत. मुंबई-चेन्नई सामन्यानंतर दोन पोरांची जुंपली. एकानं दुसऱ्याचा बाप काढला. दुसरा लेफ्ट झाला, आता रस्त्यात दिसला तरी तोंड फिरवतो. तिसऱ्यानं सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून गावभर फिरवले. कुणी म्हणतं ग्रुप बंद कर, कुणी म्हणतं कायमचा ओन्ली अ‍ॅडमिन कर. माझ्यावर केस होईल का, हीपण धास्ती आहे. काय करू?"

ग्रुप बंद करू नका. कायमचा ओन्ली अ‍ॅडमिनही करू नका. जिथं फक्त अ‍ॅडमिन बोलतो तो नोटीस बोर्ड झाला, तिथं सामन्याच्या रात्री कुणी फिरकत नाही. केसचं पुढं सांगतो, त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. आधी भांडणाचं बघू.

मी परभणीत २०१६ पासून असाच ग्रुप सांभाळतो. तेव्हा एका ग्रुपात २५६ जण मावायचे, आता १,०२४ मावतात. माणसं वाढली म्हणून भांडणं वाढली, असं मला दिसलं नाही. भांडणं त्याच त्या वेळेला आणि त्याच त्या पद्धतीनं होतात. ती वेळ आणि ती पद्धत एकदा ओळखू यायला लागली की बरीचशी भांडणं सुरू व्हायच्या आधीच हाताशी येतात.

तुमच्या त्या लेफ्ट झालेल्या मुलाला त्याचा संघ हरल्याचा राग आलेला नाही. संघ दर वर्षी सात-आठ सामने हरतो आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा नीट जेवतो. त्याला राग आलाय तो चारशे ओळखीच्या माणसांसमोर पाणउतारा झाल्याचा. मोठ्या शहरातल्या ग्रुपात कोण कुणाला ओळखतं? शिवी दिली, शिवी खाल्ली, ब्लॉक केलं, विषय संपला. आपल्याकडं तसं नाही. ग्रुपातला माणूस उद्या मोंढ्यात भेटणार असतो, तहसीलच्या दारात भेटणार असतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणार असतो. त्याचा मेव्हणा त्याच ग्रुपात असतो, त्याला सातवीत शिकवलेले सर असतात, कधी कधी ज्याच्याशी सोयरिकीची बोलणी चाललीत तो माणूससुद्धा असतो. त्यामुळं मोबाइलवरचा एक शब्द घरापर्यंत जातो. पण हेच आपलं बळही आहे. मोठ्या शहरातल्या अ‍ॅडमिनकडं रिमूव्हचं एक बटण असतं. आपण फोन करू शकतो, दुकानावर जाऊन बसू शकतो, घरी जाऊन चहा घेऊ शकतो. ग्रुपातलं वागणं-बोलणं सुधारायचं असेल तर मेसेजनं कमी आणि भेटीनं जास्त सुधारतं. नऊ-दहा वर्षांत मला सापडलेली खरी गोष्ट हीच आहे आणि खाली जे लिहितोय ते सगळं तिच्यातूनच आलेलं आहे.

चिडवण्यात आणि हिणवण्यात फरक आहे, तो ग्रुपात सगळ्यांना कळला पाहिजे. चिडवणं बंद केलं तर क्रिकेटच्या ग्रुपात मीठच राहत नाही. "काय मालक, आज पिवळा शर्ट धुवायला टाकला का?" हे चिडवणं. "तुमची बॅटिंग बघून आमच्या गल्लीतली पोरं हसू लागली," हेही चिडवणंच. यात संघाची खोड काढली, माणूस शाबूत राहिला. उलट उत्तर द्यायला त्याच्याकडं जागा आहे, आणि पुढच्या सामन्यात तो फेडणार आहे. हिणवणं निराळं. त्यात बाप येतो, जात येते, धर्म येतो, गाव येतं, माणसाची नोकरी नाहीतर त्याच्या तोंडाची ठेवण येते. ज्याला उत्तर देता येत नाही असं काही बोललं की ते हिणवणं झालं. आमच्या ग्रुपात एकानं एका पोराला लिहिलं होतं, "आधी दहावी पास हो, मग कॅप्टन्सी शिकव." त्यात शिवी नव्हती. लोकांनी हसण्याच्या इमोजींचा ढीग घातला. तो पोरगा खरंच दहावीला दोनदा बसलेला होता आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मी तो मेसेज काढला, त्यावर काही जण माझ्यावरच चिडले, की यात शिवी कुठं आहे? शिवी नव्हतीच, पण त्या पोराच्या जिव्हारी लागलेलं होतं. नुसते शिव्यांचे शब्द शोधत बसणाऱ्या अ‍ॅडमिनला असलं दिसतच नाही.

आता वेळेचं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सामना संपल्यानंतरची पहिली वीस मिनिटं. त्या वेळी जिंकलेल्याला थांबवत नाही आणि हरलेल्याला सोसवत नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, काहींनी थोडी घेतलेली असते, घरात सगळे झोपलेले असतात, आणि हातात मोबाइल. माझ्याकडं ज्या भांडणांच्या नोंदी मनात आहेत त्यातली बहुतेक याच वीस मिनिटांत पेटलेली आहेत. म्हणून मोठ्या सामन्याच्या रात्री शेवटचा चेंडू पडला की मी ग्रुप वीस मिनिटं ओन्ली अ‍ॅडमिन करतो. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ मध्ये दिली, त्याच्या आधी आम्हाला हातच नव्हता. पण नुसतं कुलूप घालायचं नाही. कुलूप घालताना मी एकच मेसेज टाकतो. निकाल, दोन्ही संघांच्या धावा, आणि हरलेल्या संघातल्या कुणाची तरी चांगली कामगिरी. "हरले, पण त्याची ४२ चेंडूंतली खेळी लक्षात राहील," एवढंच. वीस मिनिटांनी उघडतो तेव्हा पहिला मेसेज बहुतेक वेळा हरलेल्या बाजूच्या माणसाचा येतो, आणि तो बरा असतो. कारण त्याला बोलायला जागा मिळालेली असते. लीगच्या साध्या सामन्यांना कुलूप घालायची गरज नाही. रोज घातलं तर माणसं दुसरा ग्रुप काढतात.

सामना चालू असतानाचं वागणं याहून सोपं आहे, पण त्यातली एक गोष्ट आपल्या भागातली आहे, ती सांगतो. आमच्या ग्रुपात पाथरी-मानवतकडचे शेतकरी बरेच आहेत. आयपीएल येते ती ऐन उन्हाळ्यात. उसाला, उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायचं असतं आणि मोटारीची लाईट पुष्कळदा रात्रीची असते. रानात दारं धरायला गेलेल्या माणसाला व्हिडिओ दिसत नाही, रेंज एक-दोन काड्यांची असते. त्याला सामना कळतो तो ग्रुपातल्या लेखी स्कोअरवरून. एका रात्री अशाच एका सदस्यानं मला फोन केला, मागं पाण्याचा आवाज येत होता. म्हणाला, "सर, शेवटची ओव्हर चालूय आन् ग्रुपात निस्ते स्टिकर येऊ लागलेत. स्कोअर कुठंय?" मी वर सरकवून बघितलं. शंभराच्या वर स्टिकर आणि त्यात स्कोअरची एक ओळ बुडालेली. तेव्हापासून आमच्याकडं प्रथा अशी की शेवटच्या दोन षटकांत फक्त स्कोअर लिहिणारे तिघं बोलतात, बाकीचे थांबतात. हे कुणावर लादावं लागलं नाही. रानातल्या माणसाचं सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. "नियम क्रमांक अमुक" म्हणून सांगितलं असतं तर वाद घालत बसले असते.

मोबाइलवर बघणाऱ्याचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागं चालतं, हेही ध्यानात ठेवायला सांगा. टीव्हीवाल्यानं "गेला!" लिहिलं तेव्हा मोबाइलवाल्याकडं गोलंदाज अजून धावतच येत असतो. निदान शेवटच्या षटकात तरी टीव्हीवाल्यांनी जरा दम धरावा.

आणि लिपी. यावरून झालेलं एक भांडण मी आयुष्यभर विसरणार नाही. फलंदाज खेळत होता, धावा हव्या होत्या, एका पोरानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. त्याला म्हणायचं होतं, "आता मार रे." वाचणाऱ्यानं वाचलं, "आता मर रे." इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखंच दिसतं. वाचणारा त्या फलंदाजाचा कट्टर चाहता, त्याच्या स्वतःच्या घरात पंधरा दिवसांपूर्वी मयत झालेली. पुढं काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. दोघंही चुकीचे नव्हते. त्या दिवसापासून मी सगळ्यांना मराठी कीबोर्ड घ्यायला लावला, ज्यांना जमत नाही त्यांना बोलून टाइप करायला शिकवलं. उर्दू-दखनी बोलणारे मित्र आहेत, त्यांनी त्यांच्या पद्धतीनं लिहावं, त्यांना मी काही म्हणत नाही. पण रागाचं किंवा जोराचं काही लिहायचं असेल तर ते ज्या लिपीत नीट वाचलं जाईल त्या लिपीत लिहा, एवढं सांगतो. मेसेज पाठवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, ती सोय २०२३ पासून आहे. पुष्कळांना ती माहीतच नसते. दाखवून द्या.

आता जड गोष्ट.

२४ ऑक्टोबर २०२१, दुबई. टी-२० विश्वचषकात पाकिस्ताननं भारताला १० गडी राखून हरवलं. मोहम्मद शमीनं ३.५ षटकांत ४३ धावा दिल्या होत्या. त्या रात्री समाजमाध्यमांवर त्याच्या धर्मावरून जे लिहिलं गेलं ते सगळ्या देशानं बघितलं. त्यातला एक फॉरवर्ड आमच्या ग्रुपातही आला. टाकणारा माझ्या चांगल्या ओळखीचा, मनानं वाईट नसलेला माणूस. आमच्या ग्रुपात स्कोअर लिहिणाऱ्या तिघांतला एक मुस्लिम आहे, स्टेशन रोडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं त्या रात्री शेवटच्या चेंडूपर्यंत स्कोअर लिहिला होता. फॉरवर्ड आल्यावर त्यानं काहीच लिहिलं नाही. लेफ्टही झाला नाही. गप्प झाला.

तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येत नव्हता, ती सोय २०२२ मध्ये आली. ज्यानं टाकला त्यालाच काढायला लावणं हा एकच मार्ग होता. मी रात्री बाराला त्याला फोन लावला. "तू हिंदुस्थान हरल्याचं दुःख लिहायला हवं होतंस, हे काय लिहिलंस? आपला स्कोअरर हे वाचतोय," म्हणालो. तो पहिल्यांदा म्हणाला, "मी कुठं लिहिलं, आलेलं पुढं पाठवलं." मी म्हणालो, "त्याच्या दुकानावर जाऊन हेच त्याला वाचून दाखवशील का?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मेसेज निघाला. पण मी तिथं थांबलो नाही, आणि इथंच तुम्हालाही सांगायचंय की मेसेज काढल्यानं काम होत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानावर गेलो. तो एका मोबाइलची काच बसवत होता. मान वर न करता म्हणाला, "सर, मैं तो स्कोअर लिख रहा था ना." एवढंच. मला उत्तर सुचलं नाही. अर्धा तास बसलो, चहा घेतला. संध्याकाळी ज्यानं फॉरवर्ड टाकला होता तोसुद्धा माझ्या सांगण्यावरून दुकानावर जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सहा दिवसांनी विराट कोहलीनं पत्रकार परिषदेत शमीची बाजू घेतली, धर्मावरून कुणाला लक्ष्य करणं हे माणूस करू शकेल असं सगळ्यात हीन काम आहे, अशा अर्थाचं बोलला. ते आमच्या ग्रुपात सगळ्यात आधी त्या फॉरवर्डवाल्यानंच टाकलं. पुढच्या सामन्याला स्कोअर पुन्हा दुकानावरून यायला लागला.

मराठवाड्यात आपण पिढ्यान्पिढ्या शेजारी राहणारी माणसं आहोत. त्या शेजाराला मोबाइलवरून तडा गेला तर तो बुजवायला कुणी बाहेरून येणार नाही. म्हणून धर्म आणि जात या दोन बाबतींत मी सूट देत नाही. खेळाडूवरून असो नाहीतर मेंबरवरून, पहिल्याच वेळी मेसेज निघतो आणि फोन जातो. दुसऱ्या वेळी माणूस निघतो.

खेळाडूंना शिव्या देण्याबद्दल लोक म्हणतात, "तो कुठं आपला ग्रुप वाचतो?" याला माझ्याकडं एक उत्तर आहे, ते मी दर हंगामाच्या सुरुवातीला ग्रुपात टाकतो. ४ सप्टेंबर २०२२ ला आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला. त्या रात्री त्याला देशद्रोही म्हणेपर्यंत लोकांची मजल गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईनं रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याला अहमदाबादेत, हैदराबादेत, आणि स्वतःच्या वानखेडेवरसुद्धा लोकांनी हुर्यो देऊन हैराण केलं. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. नंतर २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० विश्वचषकाची अंतिम फेरी. दक्षिण आफ्रिकेला दोन षटकांत २० धावा हव्या होत्या. एकोणिसावं षटक कुणी टाकलं? अर्शदीपनं, आणि दिल्या फक्त ४ धावा. विसावं कुणी टाकलं? हार्दिकनं. पहिल्याच चेंडूवर मिलरचा झेल सूर्यकुमारनं सीमारेषेवर घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. ज्या दोघांना आपण शिव्या घातल्या, त्यांच्याच हातात शेवटचे बारा चेंडू होते. त्या रात्री आमच्या ग्रुपातल्या पुष्कळांनी वर जाऊन स्वतःचे एप्रिलमधले मेसेज शोधले. एकानं मला विचारलं, "सर, इतके जुने मेसेज सगळ्यांच्या मोबाइलमधून काढता येतात का?" येत नाहीत.

टीका करू द्या. "त्याला चौथ्या नंबरला पाठवायला नको होतं," "त्याचा यॉर्कर आता पडत नाही," हे चाहत्यांचं हक्काचं बोलणं आहे, त्यावर रात्र रात्र वाद घालू द्या. फक्त चेंडू, फटका, निर्णय यावर बोला. त्याची बायको, त्याची मुलं, त्याचं घर याला हात लावायचा नाही.

तुम्ही बीड जिल्ह्यातले, म्हणून हे अधिक सांगतो. बीडच्या सचिन धसनं ६ फेब्रुवारी २०२४ ला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. बेनोनीला २४५ चा पाठलाग, ३२ ला ४ बाद, आणि तिथून उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी. त्याच्या ९६ धावा. चार धावांनी शतक हुकलं, पण भारत २ गडी राखून जिंकला. पाच दिवसांनी अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियानं भारताला ७९ धावांनी हरवलं. असा मुलगा आपल्या जिल्ह्यातून उठतो तेव्हा "तो कुठं वाचतो" हे वाक्य खोटं पडतं. त्याचे नातेवाईक, त्याच्या शाळेतले, त्याच्याबरोबर खेळलेले कुणी ना कुणी तुमच्या ग्रुपात असतातच. आपल्या भागातल्या पोराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाळा. त्याचा किंवा घरच्यांचा फोन नंबर ग्रुपात येऊ देऊ नका, अभिनंदनासाठीसुद्धा नाही. शंभर जण फोन करतात आणि त्यातले चार जण हरल्यावरही करतात. आणि कौतुक करताना "पुढचा तेंडुलकर" वगैरे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवू नका. नाव सचिन आहे म्हणून त्याला ते आधीच पुष्कळ ऐकावं लागलं असणार.

बायका-मुलींचा विषय थोडक्यात. आमच्याकडं मुली ग्रुपात होत्या, पण बोलायच्या नाहीत. एकीनं माझ्या बायकोला सांगितलं तेव्हा कळलं. तिनं एकदा एल्बीडब्ल्यूबद्दल काही लिहिलं, की लगेच तीन जणांनी तिला वेगळा मेसेज करून "हाय" म्हटलं. ग्रुपातून नंबर उचलून परस्पर मेसेज करायचा नाही, हा आमच्याकडं आता पक्का नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला मी दुसरी संधी देत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, त्या रात्री आमचा स्कोअर एका मुलीनं लिहिला. षटकागणिक, एकही चूक न करता.

आता फोन कसा करायचा ते सांगतो, कारण इथं पुष्कळ अ‍ॅडमिन घसरतात. ग्रुपात टॅग करून झापायचं नाही. चारचौघांत झापलं की तो मान खाली घालत नाही, छाती पुढं काढतो, कारण त्याचे मित्र बघत असतात. मेसेज काढा, ग्रुपात एक शब्द बोलू नका, आणि फोन करा. फोनवर पहिलं वाक्य चुकीबद्दल नको. "जेवलास का, घरी सगळे कसे आहेत," इथूनच सुरू करा; आपल्याकडं याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. मग त्याला विचारा की काय झालं होतं. तो सांगेल. त्याची बाजू पूर्ण ऐकून घ्या, मधे तोडू नका. पुष्कळदा कळतं की समोरच्यानं आधी वेगळ्या मेसेजमध्ये काहीतरी डिवचलेलं होतं, जे ग्रुपात कुणाला दिसलंच नाही. शेवटी एवढंच म्हणा, "तुझ्यासारख्यानं हे लिहिलं म्हणून मला फोन करावा लागला." तो वयानं मोठा असेल तर तुम्ही फोन करू नका, ग्रुपातल्या त्याच्या बरोबरीच्या कुणाला करायला लावा. पन्नाशीच्या माणसाला पंचवीस वर्षांच्या अ‍ॅडमिनचं ऐकवत नाही. त्यात त्याची चूक धरू नका, ती आपली रीत आहे.

कुणाला काढावंच लागलं तर परत घेण्याची तारीख त्याच वेळी सांगा. "महिनाभर बाहेर राहा, एक तारखेला मीच अ‍ॅड करतो." आणि एक तारखेला खरंच करा. न सांगता काढलेला माणूस दोन दिवसांत दुसरा ग्रुप काढतो आणि तिथं तुमच्या ग्रुपाविरुद्ध बोलत बसतो. आमचा ग्रुप दोनदा फुटला तो असाच.

स्क्रीनशॉट फिरवणाऱ्याला तुम्ही विसरू नका. माझ्या मते तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक त्याची आहे. शिवी देणाऱ्याला राग आला होता. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला राग आलेला नव्हता, त्यानं शांत डोक्यानं दुसऱ्याची अब्रू बाहेर नेली. त्यालाच त्या ग्रुपांत जाऊन ते काढायला सांगा. जिथून निघणार नाहीत तिथं "हे मी टाकायला नको होतं" एवढी एक ओळ त्यानं लिहावी.

केसचं आता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की मेंबरनं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलं. म्हणजे तुम्ही निर्धास्त राहा, पण धमकी, अश्लील मजकूर, धर्मा-जातींत तेढ लावणारं लिहिणं हे लिहिणाऱ्यासाठी अजूनही गुन्हेच आहेत. तसं काही आलं तर ते काढा, पण आधी तुमच्याकडं नोंद ठेवा. खरीखुरी धमकी असेल तर मिटवामिटवी करत बसू नका, ठाण्यात जा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायला लावा. आणि पैसे लावून खेळायच्या टीमा, सट्ट्याच्या टिपा ग्रुपात येत असतील तर आजच बंद करा. २०२५ च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. शिवाय ज्याचे पैसे बुडाले त्याच्या शिव्या नुसत्या चाहत्याच्या शिव्यांपेक्षा फार वाईट असतात, हे मी बघितलेलं आहे.

तुम्ही उद्या काय करायचं ते सांगतो. सकाळी त्या लेफ्ट झालेल्या मुलाच्या घरी जा. फोन नको, घरीच जा, आणि एकटे जा. त्याचे वडील घरी असतील अशी वेळ बघा, कारण नाव त्यांचं निघालं होतं. त्यांना नमस्कार करा, "काका, ग्रुप माझा आहे, माझ्या ग्रुपात हे झालं, म्हणून मी आलो," म्हणा. ज्यानं बाप काढला त्याला लगेच सोबत नेऊ नका, दोन दिवस जाऊ द्या, मग तो स्वतः जाईल असं बघा. मुलाला ग्रुपात परत या म्हणून आग्रह करू नका. फक्त पुढच्या सामन्याचा स्कोअर कोण लिहिणार हे ठरायचं आहे असं सांगा, आणि पहिली दहा षटकं त्याला देऊ करा.